डिस्कचं साल आणि सिनेमाचं साल : अनुदान समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
ग्रंथालय तंत्रज्ञान अनुदान समिती

स. न. वि. वि.

‘सदर माहिती इंटरनेटवर उपलब्ध असल्याने प्रस्तावाचा विचार करता येत नाही.’

ग्रंथालयातल्या सिनेमांच्या जुन्या नोंदी दुरुस्त करून ते सिनेमे वाचकांना सापडतील असं करायचं, यासाठी आम्ही अर्ज केला होता. त्या अर्जावर आपल्याकडून आलेला शेरा एवढाच. अर्ज तयार करायला आम्हा तिघींना सुट्ट्यांचे दिवस धरून आठ महिने लागले होते. नकार आला याचं वाईट वाटत नाही. निधी मोजका असतो, कोणाला तरी नाही म्हणावंच लागतं. पण या वाक्यावरून दिसतं की अर्ज कशासाठी होता हेच कोणी वाचलेलं नाही. रीतसर दोन पत्रं पाठवली. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे तिसरं पत्र चारचौघांत लिहिते आहे.

चारचौघांत लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. कॅटलॉगची नोंद एका ग्रंथालयात तयार होते आणि बाकीची ग्रंथालयं तीच उतरवून घेतात. त्यामुळे तिच्यातली उणीव एका इमारतीत राहत नाही, गावोगाव जाते. हा प्रश्न आमच्या विभागापुरता असता तर मी गप्प बसले असते.

मी दृक्-श्राव्य विभागात एकोणीस वर्षं कॅटलॉगिंग करते आहे. व्हिडिओ कॅसेटच्या नोंदी केल्या, मग डीव्हीडीच्या, मग ब्लू-रेच्या. आज ज्या नोंदींबद्दल तक्रार करते आहे, त्यांतल्या कितीतरी माझ्याच हातच्या आहेत. नियम पाळून, काळजीने केलेल्या. आणि त्या कामाला येत नाहीत. यात माझा जीव का अडकला आहे, ते यावरून समजून घ्या.

एका संध्याकाळची गोष्ट सांगते. आमचे एक नेहमीचे वाचक आहेत. कानाने बरंच कमी ऐकू येतं. त्यांना 1950 ते 1959 या काळातले जपानी चित्रपट हवे होते, आणि पडद्यावर संवाद वाचता येतील असे. त्यांनी स्वतःच सर्चमध्ये भाषा टाकली, सालं टाकली. यादीत दोन-तीन किरकोळ नोंदी आल्या. ते शांतपणे म्हणाले, ‘तुमच्याकडे काहीच दिसत नाही हो.’ त्यांच्या पाठीमागच्या कपाटात, खांद्याच्या उंचीवर, ‘सेव्हन सामुराय’ उभा होता. 1954 चा. त्याच्या शेजारी त्याच दिग्दर्शकाचे, कुरोसावांचे, त्याच दशकातले आणखी दोन. मी उठून हाताने काढून दिले. पण मी त्या दिवशी रजेवर असते तर? आणि जे घरून मोबाइलवर शोधतात, त्यांच्या पाठीमागे कपाट नसतं.

मग मी ती नोंद उघडून त्यांना दाखवली. मी केलेली नव्हती, बाहेरून उतरवून घेतलेली होती, पण माझी असती तरी फरक पडला नसता. संगणक जे साल वाचतो त्या जागी डिस्क बाजारात आली ते साल. त्याच्या शेजारी दुसरं साल लिहायला चार रकाने असतात, ते रिकामे. खूप खाली, टिपांमध्ये एक वाक्य : मूळ चित्रपट 1954 साली प्रदर्शित. माणसाने वाचलं तर कळतं. संगणकाच्या लेखी ते एक वाक्य आहे, साल नव्हे. भाषेचंही तेच. ‘जपानी संवाद, इंग्रजी सबटायटल्स’ असं टिपेत छान लिहिलेलं, पण भाषेच्या कोडच्या रकान्यात कोणीतरी दोन्ही भाषा एकापुढे एक ठेवून दिलेल्या. ऐकायची कोणती आणि वाचायची कोणती, यंत्राला कसं कळावं? ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, ‘म्हणजे सगळं लिहिलंय, पण कोणाला सापडू नये अशा बेताने.’ एकोणीस वर्षांच्या नोकरीवर इतका अचूक शेरा माझ्या एकाही गोपनीय अहवालात नाही.

यात कोणाचा आळस नाही, हेही सांगायला हवं. आपण ज्या मार्क पद्धतीत, म्हणजे संगणकाला वाचता येतील अशा ठरीव रकान्यांत, नोंदी करतो, ती 1960 च्या दशकात हेन्रिएट अव्राम यांच्या नेतृत्वाखाली लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आकाराला आली. कॅटलॉगची कार्डं संगणकावरून छापता यावीत हा तिच्यामागचा एक मोठा हेतू होता. कार्ड माणूस वाचतो, म्हणून वाक्यं चालत होती. शिवाय ती मुळात पुस्तकांसाठी घडली. पुस्तक हातात घेतलं की त्यावरचं साल बहुधा आपल्याला हवं तेच असतं. सिनेमाचं तसं नाही. हातात असते ती डिस्क, आणि वाचक विचारतो तो सिनेमा. दोघांच्या मध्ये पन्नास वर्षंही असू शकतात. पुढे मार्कमध्ये मूळ सालासाठी, सबटायटल्सच्या भाषेसाठी, कमी ऐकू येणाऱ्यांच्या कॅप्शनसाठी, अगदी दृष्टिहीनांसाठीच्या ध्वनिवर्णनासाठीही स्वतंत्र जागा झाल्या. जागा आहेत. जुन्या नोंदींत त्या भरलेल्या नाहीत, आणि जिथे भरल्या आहेत तिथे आमचं सर्च त्या वाचत नाही.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली, माणसांच्या नावांची. ‘सेव्हन सामुराय’चे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा. संकलकही तेच, पटकथाकारांमध्येही ते आहेत. छायाचित्रण असाकाझू नाकाई यांचं, संगीत फुमिओ हायासाका यांचं. आमच्या नोंदीत कुरोसावांचं नाव शोधाच्या रकान्यात आहे, पण कोणत्या नात्याने ते लिहिलेलं नाही. नाकाई आणि हायासाका 508 क्रमांकाच्या फील्डमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या श्रेयांच्या टिपेत, एका लांब वाक्यात स्वल्पविरामांमध्ये बसले आहेत. छायाचित्रण शिकणारा विद्यार्थी ‘नाकाईंनी टिपलेले सगळे सिनेमे द्या’ म्हणून आला तर कॅटलॉग हात वर करतो. बरं, ती वाक्यंही एकसारखी नसतात. जे डिस्कवर छापलेलं असतं तेच उतरवायचं हा नियम, म्हणून कुठे इंग्रजी, कुठे फ्रेंच, कुठे जर्मन, कुठे नुसतं ‘अमक्याचा चित्रपट’. या शेवटच्या प्रकारात तो अमका दिग्दर्शक की निर्माता हेही सांगता येत नाही. मुख्य म्हणजे, या प्रत्येक वाक्यासाठी कोणीतरी डिस्क लावून, श्रेयनामावली थांबवत थांबवत, नावं टिपून घेतली आहेत. त्या श्रमाचे पैसे ग्रंथालयाने कधीच मोजले आहेत. आम्ही मागत होतो ते त्यातून उपयोग काढून घेण्यासाठी.

दुसरी तक्रार एकाच सिनेमाच्या अनेक रूपांची, आणि इथे जरा थांबते, कारण अर्जातलं हेच प्रकरण आपल्यापैकी एका सदस्यांनी ‘फार तात्त्विक’ म्हटल्याचं ऐकलं. 1998 साली इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघाने एक मांडणी प्रसिद्ध केली. तिचं सार सोपं आहे. सिनेमा ही कृती एक. तिचे पाठ वेगवेगळे असतील : पूर्ण लांबीचा, कापलेला, डब केलेला. प्रत्येक पाठाची प्रकाशनं वेगवेगळी असतील : ही डीव्हीडी, ती ब्लू-रे. आणि त्या प्रकाशनाच्या प्रती आपल्या कपाटात. चार पायऱ्या. आमच्या कॅटलॉगला फक्त शेवटच्या दोन ठाऊक आहेत.

यात तात्त्विक काही नाही, काउंटरवर रोज दिसतं. एकच सिनेमा यादीत पाच ओळींत येतो. वाचक पहिल्या ओळीवर मागणी नोंदवतो, ती डीव्हीडी बाहेर गेलेली असते, तो तीन आठवडे थांबतो. त्याच सिनेमाची ब्लू-रे तेवढे दिवस कपाटात धूळ खात असते. याच्या उलटही होतं. ‘देवदास’ शोधा. प्रमथेश बरुआंचा 1935 चा, बिमल रॉय यांचा 1955 चा आणि संजय लीला भन्साळी यांचा 2002 चा हे तीन वेगळे सिनेमे आहेत, पण डिस्कच्या सालांनी लावलेल्या यादीत कोणता कुठे पडेल याचा नेम नाही. आणि ‘मेट्रोपोलिस’सारखा सिनेमा आला की बघायलाच नको. 1927 चा हा मूकपट प्रदर्शनानंतर कापला गेला. पुढची ऐंशी वर्षं तो कमी-अधिक अपुरा दिसत राहिला. 2008 मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये त्याची 16 मिलिमीटरची एक जुनी निगेटिव्ह मिळाली, त्यातून सुमारे 25 मिनिटांचा हरवलेला भाग परत आला, आणि 2010 मध्ये नवा पाठ दाखवला गेला. आमच्याकडे जुना पाठही आहे आणि नवाही. यादीत दोघांची नावं सारखी, आणि फरक कळायला मिनिटांचा आकडा वाचावा लागतो. चित्रपटाचा अभ्यास करणाऱ्या माणसासाठी त्या 25 मिनिटांत सगळं आलं.

तिसरी तक्रार आपल्या शेऱ्याबद्दल. इंटरनेटवर माहिती आहे, नक्की आहे. आयएमडीबी ही सिनेमांच्या माहितीची साइट 1990 पासून आहे, मी स्वतः रोज बघते. सिनेमा कोणी काढला, कधी काढला, ते तिथे कळतं. आमच्या कपाटातल्या डिस्कवर कॅप्शन आहेत का, तिचा रिजन कोड (ती कोणत्या देशांतल्या प्लेअरसाठी आहे ती खूण) कोणता, ती घरच्या प्लेअरवर चालेल का, आत्ता ती जागेवर आहे की बाहेर, हे तिथे कसं कळेल? वाचकाने आधी एका ठिकाणी सिनेमांची यादी काढायची, मग एकेक नाव आमच्या सर्चमध्ये टाकून बघायचं, अशी आपली अपेक्षा असेल तर तसं लिहून द्यावं, मी भिंतीवर लावते. उलट, इंटरनेटवरची माहिती आपल्या कपाटाशी जोडायची हाच तर प्रकल्प आहे! विकिडेटा हा विकिपीडियाच्या परिवारातला माहितीचा खुला साठा 2012 पासून चालू आहे, तिथली माहिती कोणीही विनाअट वापरू शकतं, आणि तिथे प्रत्येक सिनेमाला स्वतःचा क्रमांक असतो. आमच्या नोंदीत तो क्रमांक एकदा बसला की मूळ साल, देश, दिग्दर्शक हे सगळं ताडून पाहता येतं. अर्जाच्या चौथ्या पानावर हेच लिहिलं होतं.

चौथी तक्रार अर्जाच्या नमुन्याची. त्यात यंत्रसामग्रीचं सदर सक्तीचं आहे. माणसाच्या वेळेचं सदरच नाही. आम्हाला एकही नवं यंत्र नको होतं, तरी ‘लागू नाही’ लिहिलं की फॉर्म पुढे सरकत नव्हता. शेवटी एक हार्ड डिस्क मागितली. नियोजनासाठी पैसे मागायची तर सोयच नाही. आधी संपूर्ण प्रकल्पाचा बिनचूक आराखडा द्या, मग पैसे. पण जुन्या नोंदी किती सरळ आहेत आणि किती वाकड्या, हे तपासल्याशिवाय आराखडा बिनचूक होणार कसा? आम्ही आमच्या वेळात थोड्या नोंदी हाताने तपासून पाहिल्या. त्याचा तक्ता नवव्या पानावर आहे. ते पान कोणी उघडलं असेल असं वाटत नाही.

पाचवी थोडक्यात. ज्या बैठकीत आमचा अर्ज नाकारला गेला, त्याच बैठकीत प्रवेशद्वारात लावायच्या टचस्क्रीन मंजूर झाल्या. त्यांच्यावर दिसणार तोच कॅटलॉग, त्याच नोंदी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता माझ्या बाजूच्या चुका. अर्जाचं पहिलं पान आम्ही परिभाषेने भरून टाकलं, त्या संध्याकाळची गोष्ट पहिल्या पानावर असायला हवी होती. बेचाळीस पानं म्हणजे छळच. आणि प्रकल्प संपल्यावर तो चालवणार कोण, याचं उत्तर आम्ही एका परिच्छेदात उरकलं. आपल्यापैकी ज्यांनी हा प्रश्न तोंडी विचारला त्यांचं बरोबर होतं. अनुदान संपलं की सॉफ्टवेअर बंद, ही कथा ग्रंथालयांत नवी नाही. म्हणून नीट उत्तर आता देते. आम्ही जे दुरुस्त करू ते एखाद्या वेगळ्या देखण्या साइटवर ठेवणार नाही. मूळ साल नोंदीतल्या सालाच्या जागी, भाषा भाषेच्या जागी, भूमिकेचा (दिग्दर्शक, छायाचित्रकार वगैरे) कोड नावाच्या मागे, असं सगळं त्याच मार्क नोंदीत परत जाईल. उद्या आमचं शोधपान बंद पडलं, ग्रंथालयाने सॉफ्टवेअर बदललं, मी निवृत्त झाले, तरी केलेलं काम नोंदीत राहील. आणि ज्या ग्रंथालयांनी त्या नोंदी उतरवून घेतल्या आहेत, त्यांनाही दुरुस्ती फुकट मिळेल.

काम कसं होणार तेही दोन ओळींत सांगते, कारण ‘यात तंत्रज्ञान कुठे आहे?’ असंही विचारलं गेलं म्हणे. श्रेयांची वाक्यं आधी प्रोग्राम चाळतो. ‘दिग्दर्शक’, ‘छायाचित्रण’ यांचे निरनिराळ्या भाषांतले शब्द त्याला शिकवलेले असतात. सरळ वाक्यं तो सोडवतो. उरलेली स्वयंसेवकांपुढे जातात : पडद्यावर एक ओळ, त्यातलं नाव कोणतं आणि काम कोणतं यावर खूण करायची, बस. तिघांची खूण जुळली तर मान्य, नाही जुळली तर कॅटलॉगरकडे. आजकालची कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषेची मॉडेल्स पहिली चाळणी आणखी झपाट्याने मारतात, तीही वापरू. पण ती नसलेलं नावही तितक्याच विश्वासाने लिहितात, म्हणून शेवटची नजर माणसाचीच. तो माणूस रोजच्या कामातून मोकळा करायचा तर त्याच्या जागी दुसरा लागतो. आमच्या मागणीतला मोठा भाग या एका ओळीचा होता.

सिनेमा विभागाचा वापर कमी होतोय, असंही बैठकीत निघालं. होतोय, नाकारत नाही. अनेकांच्या घरी आता प्लेअरच नाही. पण स्ट्रीमिंगवरचा सिनेमा करार संपला की एका रात्रीत नाहीसा होतो, आणि मग लोक विचारत येतात ते आमच्याचकडे. त्या वेळी ‘दिसत नाही’ हे उत्तर त्यांना मिळू नये, एवढीच धडपड आहे.

मागण्या अशा आहेत :

आमच्या अर्जावरचा निर्णय कारणांसह लेखी द्यावा. कारण पटलं तर मी जाहीरपणे तसं लिहीन.

संपूर्ण प्रकल्प राहू द्या, फक्त नियोजनाच्या टप्प्याला मंजुरी द्यावी : सहा महिने एक प्रोग्रामर, आणि वर्षभर एका कॅटलॉगरचा अर्धा वेळ. त्यात नोंदींची पद्धतशीर तपासणी होईल, छोटा नमुना तयार होईल आणि पुढचा खर्च खरा किती तो कळेल. नमुना जमला नाही तर तिथेच थांबू, आणि तसा अहवालही प्रसिद्ध करू.

अर्जाच्या नमुन्यात माणसांच्या वेळेचं सदर घालावं, आणि यंत्रसामग्रीची सक्ती काढावी.

दृक्-श्राव्य संग्रहाचे अर्ज तपासताना, ज्याने स्वतः कधी डिस्कची नोंद केली आहे असा निदान एक माणूस बरोबर बसवावा. आमच्याच विभागातला नको, दुसऱ्या ग्रंथालयातला असू द्या.

आणि एक अट आम्हाला आणि सगळ्यांनाच घालावी : आपल्या पैशांतून तयार झालेला डेटा खुला असेल, प्रमाणित रूपात असेल, कोणालाही उतरवून घेता येईल. ही अट टचस्क्रीनवाल्यांनाही लावली तर उत्तम.

पुढच्या बैठकीत अर्धा तास मागते. प्रोजेक्टर नको, सादरीकरण नको. मी एक डीव्हीडी आणि तिच्या नोंदीची छापील प्रत घेऊन येईन, प्रत्येक सदस्याला एकेक. त्या कागदावर 1954 हा आकडा कुठे आहे, तेवढं आपण शोधायचं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
दृक्-श्राव्य विभागातील एक कॅटलॉगर